ज्येष्ठातले अनारसे

१९९९ च्या मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी माझी मोठी बहीण मंजिरी गुडगावहून दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरला, आईबाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली. टॅक्सीतून दोन सुटकेस उतरल्या आणि त्यानंतर एक हाताचं शिवणयंत्र, लाकडी झाकणासकट. नवरा सोबत नव्हता.

लग्न झालेली मुलगी उन्हाळ्यात माहेरी आली यात बातमी नाही. मे महिन्यात आमच्या कॉलनीतली अर्धी घरं मद्रास, कलकत्ता, पुण्याच्या गाड्या पकडून रिकामी व्हायची आणि उरलेल्या घरांत कोणाची तरी मुलगी यायची. शेजारच्या मल्होत्रा आंटींनी जिन्यातच विचारलं, "छुट्टियाँ मनाने आई है?" आई म्हणाली, "हाँ जी, और क्या." दोघींनीही यंत्राकडे पाहिलं. माहेरपणाला येताना कोणी शिवणयंत्र आणत नाही. हे दोघींनाही कळलं असणार. बाबांनी यंत्र उचलून आतल्या खोलीत, खिडकीखाली ठेवलं.

यंदा पुन्हा ज्येष्ठ अधिक आला आहे. असा भर उन्हातला अधिक महिना पुष्कळ वर्षांनी येतो. मी आता नोएडात राहते. अनारशांचं तयार पीठ पाकिटात मिळतं, फोनवर मागवता येतं. पाकिटाच्या पाठीमागे लिहिलं आहे की गोळे करा, थापा, तळा. काल एक पाकीट आलं. ते ओट्यावर ठेवलं आहे, अजून फोडलेलं नाही. खोलीत एसी चालू आहे आणि बाहेरची हवा आत येत नाही.

तेव्हा यायची. आमच्या क्वार्टरला एकच कूलर होता, पत्र्याचा, मागच्या खिडकीत बसवलेला. दर उन्हाळ्यात बाबा त्याच्या जाळ्यांत नवं खस, म्हणजे वाळा, भरायचे आणि पहिले तीन-चार दिवस सगळ्या घराला ओल्या मुळ्यांचा वास असायचा. दुपारी बारानंतर लू, म्हणजे भाजणारा कोरडा वारा, सुटली की दारंखिडक्या लावून सगळे त्या एका खोलीत. बाहेर पांढरं ऊन, रस्त्यावर माणूस नाही. मध्येच कुल्फीवाल्याची घंटा, तीही थकलेली. कूलरचा आवाज इतका मोठा की बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे ओरडूनच बोलायचे, आणि त्याला भांडण म्हणत नसत.

ताईने आल्या दिवशीच यंत्राला तेल दिलं. मंगळवारी सकाळी लवकर आम्ही दोघी सरोजिनी नगरला गेलो. बाजार चालत जाण्याइतका जवळ. त्या वर्षांत तिथे परदेशी पाठवायचा आणि नाकारून परत आलेला माल ढिगांनी यायचा. फूटपाथवर चादर टाकून माणसं ओरडत असायची. ताईने तयार कपड्यांना हात लावला नाही. ती ताग्यांच्या दुकानात गेली आणि पांढरी मलमल मागितली. दुकानदाराने दाखवलेली पहिली नको, दुसरीही नको. "और पतली," ती म्हणत राहिली. शेवटी त्याने एक कापड बल्बसमोर धरलं. पलीकडचा बल्ब जसाच्या तसा दिसत होता. "इसमें से तो सब दिखेगा, मैडम," तो म्हणाला. "पर्दे बनाने हैं," ताई म्हणाली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग कात्री उचलली.

ते पडदे आतल्या खोलीला लागले. त्यांतून सकाळचं ऊन थेट फरशीवर यायचं. नंतर तिने उशांचे अभ्रे केले, आईच्या दोन विरलेल्या वायल साड्यांचे परकर केले, बाबांच्या जुन्या शर्टांच्या पाठी कापून स्वयंपाकघरात पुसायला फडकी केली आणि त्यांनाही कडेने लाल दोऱ्याची टीप मारली. फडक्याला कोण टीप मारतं? आई म्हणाली, "अगं, पुसायचंच आहे ना त्याने?" ताई म्हणाली, "मग काय झालं." यंत्राचा दांडा सकाळी नऊला फिरायला लागे आणि जेवणापर्यंत फिरत राही. मल्होत्रा आंटी एकदा उशीची खोळ शिवून न्यायला आल्या आणि बसून राहिल्या. म्हणाल्या, "रौनक लगी हुई है आपके घर."

सकाळी स्वयंपाक ताजा व्हायचा, दुपारपुरताच; फ्रिज होता, पण आईचा त्याच्यावर विश्वास नव्हता. कैरीची डाळ, काकडीची कोशिंबीर, टिंड्याची भाजी जी बाबांना दिल्लीत इतकी वर्षं काढूनही आवडली नाही. सफेदा आंब्याचा रस. बाबा दर वर्षी तेच म्हणायचे, "हापूस नाही तर रस कशाला म्हणायचा याला?" आणि तीन वाट्या घ्यायचे. गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या की त्या संध्याकाळपर्यंत कडक. आंधी आली तर धावत जाऊन गोळा करायच्या, तरी दातांखाली थोडी धूळ यायचीच.

हे सगळं आठवताना चांगलंच आठवतं. त्या उन्हाळ्यात घरात चांगलं चाललं होतं असं कोणालाही सांगता आलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं.

ताईच्या येण्याचं कारण पहिल्या आठवड्यात कोणी विचारलं नाही. मग एका सकाळी ते आपोआप निघालं. मी तेव्हा एका दैनिकात नवी होते आणि मला रात्रपाळी होती. पानं छपाईला सुटली की ऑफिसची गाडी पहाटे घरी सोडायची. त्या सकाळी आई माझ्या डोक्यापासून चार हातांवर खलबत्त्यात दाण्याचं कूट करत होती. मी म्हटलं, "आई, जरा हळू ना यार. मी पहाटे आलेय."

"तू काय जावई लागून गेलीस?" आई म्हणाली. "ऊठ, पोहे गार होतायत."

ताई हसली. आल्यापासून प्रथमच. मग कैरी सोलता सोलता, वर न बघता म्हणाली, "मी तर दारावरची घंटाच काढून टाकली होती."

श्रीकांत, तिचा नवरा, दीड वर्षापूर्वी एका परदेशी कंपनीत लागला होता. गुडगावात तेव्हा अशा कंपन्या येऊ लागल्या होत्या. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची कामं इथे बसून करायची, म्हणजे त्यांचा दिवस ती आपली रात्र. संध्याकाळी कंपनीची जीप न्यायला येई, सकाळी आणून सोडी. मग तो दुपारी चारपर्यंत झोपे. फ्लॅट नवा, दोन खोल्यांचा, आजूबाजूला अर्ध्या इमारती आणि मोकळी शेतं. बस नाही, ओळखीचं कोणी नाही. त्याची झोप मोडू नये म्हणून ताईने खिडक्यांना काळ्या अस्तराचे जाड पडदे लावले होते. "मीच शिवले," ती म्हणाली. "त्यानंतर यंत्र पलंगाखाली ठेवून दिलं. दिवसा चालवता येत नव्हतं." कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी. मिक्सर नाही. पेपरवाल्याला सांगून ठेवलं होतं की पेपर दारावर फेकायचा नाही, सरकवायचा. श्रीकांत कामावर गेल्यावर संध्याकाळी ती स्वयंपाक करायची आणि एकटी जेवायची.

आईने खलबत्ता बाजूला ठेवला आणि एकेक विचारायला लागली.

"हात उचलला का कधी?"

"नाही."

"पितो का?"

"नाही गं."

"सासूचं काही?"

"त्या सोलापूरला आहेत. पत्रात बऱ्या असतात."

"मग काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणतेस, तर मग काहीच नाही ना!"

ताईने कैरीची साल परातीत टाकली. म्हणाली, "आई, मी परत जाणार नाहीये."

"उन्हाळा आहे, राहा की," आई म्हणाली. "कोण जा म्हणतंय? जुलैत बघू." आणि मला म्हणाली, "तू आधी पोहे खा. पुढच्या वर्षी तुझंही बघायचंय." दोन्ही वाक्यांचा संबंध तिने उलगडून सांगितला नाही. आम्हा तिघींनाही तो कळला होता.

माहेरपणाचा एक फायदा असा की त्याला मुदत असते, पण ती कोणी तोंडाने सांगत नाही. शाळा उघडेपर्यंत मुलगी माहेरी असली तर ती रजेवर असते. त्यानंतरही असली तर लोक विचारतात. तोपर्यंत आईला वेळ होता आणि तो तिने अधिक महिन्यात वापरायचा ठरवला.

लग्नानंतर पहिलाच अधिक होता. पहिल्या अधिकात जावयाला जेवायला बोलवून वाण द्यायचं असतं. तबकात तेहतीस अनारसे, वर दिवा, लेक शेजारी पाटावर. आईचा बेत साधा होता. श्रीकांत येईल, दोघं शेजारी बसतील, जेवतील, वाण घेतील आणि संध्याकाळी आई ताईची ओटी भरून दोघांना सोबत लावून देईल. खण तिने आणूनही ठेवला होता. बाबा म्हणाले, "बोलवू या. जेवायला बोलावण्यात काय आहे?" ताई म्हणाली, "बोलवा."

अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी फडक्यावर सावलीत पसरायचे आणि अंगात ओल असतानाच कुटायचे. आईने वर्षानुवर्षं हे केलं होतं, पण दिवाळीत. दिवाळीत दिल्लीची हवा बेताची असते. ज्येष्ठात तिने कधी अनारसे केले नव्हते. तिने तांदूळ नेहमीसारखे व्हरांड्यात सावलीत पसरले आणि आंघोळीला गेली. सावली होती, पण लूला सावलीचं काही नसतं. ती बाहेर येईपर्यंत तांदूळ खडखडीत वाळले होते, हातात घेतले तर वाळूसारखे वाजत होते. तरी तिने कुटले, गूळ घातला. पीठ मिळून येईना. मग दूध शिंपडलं. दोन दिवसांनी पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला, म्हणजे कडा सुटून सगळ्या कढईभर पसरला. दुसराही हसला. आईने गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली.

"पहिल्या अधिकाचे अनारसे हसले," ती म्हणाली.

"हसू देत," बाबा बाहेरून म्हणाले. "रडण्यापेक्षा बरं."

"तुम्ही गप्प बसा हो!"

ताईने कढईतला चुरा वाटीत काढला आणि चमच्याने खाल्ला. म्हणाली, "चव चांगली आहे." मग पुन्हा तांदूळ भिजत घातले. या वेळी चौथ्या दिवशी तिने ते आतल्या खोलीत, कूलरसमोर चादर घालून तिच्यावर पसरले. कूलरची हवा दमट असते. तांदूळ हळू सुकले, ओल राहिली. ताई मध्येमध्ये उठून मूठ दाबून बघायची आणि पुन्हा यंत्रावर बसायची. त्या पिठाचे अनारसे झाले. जाळीदार, खसखस वर, कडा शाबूत. आई म्हणाली, "पुण्यात कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही." ज्याच्यासाठी ते होते त्याचं नाव अनारसे तळताना दोघींपैकी कोणीही घेतलं नाही. तळून झाल्यावर ताईने कढई घासली आणि ओटा पुसला.

त्या दिवसांत कारगिलच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. रात्री ऑफिसात टेबलावर गेलेल्या जवानांची नावं यायची, गावं यायची. ती नीट लावायची, एकही चुकता कामा नये. सकाळी जाग आली की यंत्राचा आवाज. मला त्या महिन्यात काय वाटत होतं हे आठवून पाहिलं तर फारसं काही सापडत नाही. वास सापडतात.

श्रीकांत अधिकातल्या एका रविवारी साडेअकराला आला. दिल्लीत वाढल्यामुळे मी त्याला जीजाजी म्हणायचे आणि आई दर वेळी दुरुस्त करायची, "भाऊजी म्हण." तो बारीक झाला होता, डोळ्यांखाली काळं होतं. पहिल्यापासून हळू बोलायचा, आता तर आतल्या कूलरच्या आवाजापुढे त्याचं ऐकूच येत नव्हतं. बाबांनी व्होल्टेजची चौकशी केली. गुडगावात दिवसातून किती तास वीज जाते, जनरेटर किती डिझेल खातो, यावर दोघं बराच वेळ बोलले. जेवायला रस, पुरी, बटाट्याची भाजी, कैरीची डाळ. आईने दोघांना पाटांवर शेजारी बसवलं. ताईने त्याला वाढलं, त्याने "बस" म्हटलं. तबकात दिवा लावून आईने वाण दिलं. त्याने तबक दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकून नमस्कार केला. आईचे डोळे भरले. बेत तिथपर्यंत ठरल्याप्रमाणे गेला होता.

जेवण झाल्यावर तो खुर्चीतच पेंगायला लागला. ती त्याची झोपेची वेळ होती. आई म्हणाली, "आत पडा जरा." तो आतल्या खोलीत गेला, मलमलीच्या पडद्यांतून उजेड येत होता त्याच्याकडे पाठ करून झोपला.

आणि घर गप्प झालं. कोणी सांगितलं नाही. बाबांनी क्रिकेटचा आवाज बारीक केला, मग टीव्हीच बंद केला. मी चपला काढून चालायला लागले. आईने संध्याकाळच्या डाळीचा कुकर गॅसवर ठेवला होता. ती चिमटा घेऊन आली आणि तिने वरची शिट्टी उचलून ओट्यावर ठेवली. वाफ नुसतीच फस्‌ करून जात राहिली.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आई, शिट्टी लाव."

"अगं, झोपलेत ते."

"माहीत आहे. लाव."

"मंजू, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"माझा दीड वर्षाचा झाला," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही. चिमटा आईच्या हातून घेऊन तिने शिट्टी परत बसवली. थोड्या वेळाने कुकर वाजला. एकदा, मग पुन्हा.

श्रीकांत बाहेर आला. केस विस्कटलेले. तो रागावलेला नव्हता. खुर्चीत बसला, पाणी मागितलं. मग सगळ्यांसमोरच विचारलं, "कधी येतेस?"

आई घाईने म्हणाली, "अहो, आजच—"

"नाही येत," ताई म्हणाली.

त्याने ग्लास खाली ठेवला. "मी दिवसाची शिफ्ट मागितली होती. वर्षभर तरी नाही देणार म्हणाले."

"तू सोडू नकोस. तुला आवडतं ते काम."

"आवडतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू दुपारी काय करायचीस?"

"कधी?"

"मी झोपलेला असायचो तेव्हा."

"बसायचे," ताई म्हणाली.

पाचच्या सुमारास ऊन उतरलं तेव्हा तो निघाला. आईने अनारसे स्टीलच्या डब्यात भरून दिले. डबा देताना तिचा हात जरा वेळ डब्यावर राहिला. खण कपाटातच होता. ताई फाटकापर्यंत गेली. तिथे दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही आणि नंतर तिने सांगितलं नाही. मल्होत्रा आंटी झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी विचारलं, "दामाद जी बेटी को नहीं ले गए?" आई म्हणाली, "गर्मी बहुत है जी. थोड़े दिन और."

त्या रात्री आई जेवली नाही. म्हणाली, दुपारचं अंगावर आलं. नंतरचे काही दिवस ती ताईशी कामापुरतंच बोलली. मीठ दे, दार लाव. ताई शिवत राहिली. तिने माझ्यासाठी दोन सुती कुर्ते शिवले, खिशांसकट, कारण मला ऑफिसात पेन ठेवायला जागा लागायची. लोणच्याच्या कैऱ्या आल्या, त्या दोघींनी समोरासमोर बसून फोडल्या. अडकित्त्याचा आवाज तेवढा व्हायचा. लोणचं दर वर्षीइतकंच झालं, एक बरणीही कमी नाही.

गुडगावला आता कामासाठी अधूनमधून जावं लागतं. जिथे शेतं होती तिथे काचेच्या इमारती आहेत आणि मागे राहत्या फ्लॅटांचे मनोरे. भर दुपारी खाली उभं राहून वर पाहिलं तर काही खिडक्या काळ्या दिसतात. आत कोण झोपलेलं असतं आणि कोण जागं, हे खालून सांगता येत नाही.

जूनच्या मध्यावर अधिक संपला. निज ज्येष्ठ लागला. जामुनवाले आले, फालसे संपले. कॉलनीतली माणसं सुट्टीहून परतू लागली, जिन्यात सामान चढू लागलं. माहेरी आलेल्या मुली एकेक करून गेल्या. जुलैत शाळा उघडल्या त्या दिवशी सकाळी भाजीवाला हातगाडी घेऊन आला. आई खाली उतरली, मीही पिशवी घेऊन मागे होते. मल्होत्रा आंटी दुधी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मंजू कब जा रही है?"

आई म्हणाली, "जाना कहाँ है? यहीं रहती है." आणि भाजीवाल्याला अर्धा किलो भेंडी सांगितली.